दुसरी खेप मुंबईतच उतरली

अंकुशनगरला आधुनिक ब्रिटिश शिल्पांचं प्रदर्शन कधी आलं नाही, आणि नजीकच्या काळात येईल अशी चिन्हंही नाहीत. अंबड तालुक्यात महाकाळ्याच्या शिवारात सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेली ही वसाहत. रामदास स्वामींचं जांब इथून फार लांब नाही, म्हणून कारखान्याच्या नावात ‘समर्थ’; वसाहतीच्या नावात कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे. अशा ठिकाणी हेन्री मूर किंवा बार्बरा हेपवर्थ यांचं नाव काढलं तर कुणी हसेल, कुणी म्हणेल, आधी उसाच्या बिलाचं बघा. दोघांचंही चूक नाही. तरी हा विषय अंकुशनगरात उभं राहूनच मांडावा असं मला वाटतं. ब्रिटिश शिल्पकला इथं आलीच नाही हे खरं नव्हे. तिची एक खेप इथवर कधीच पोचली आहे, आणि ती इतकी मुरली आहे की ती बाहेरून आली होती याचा आपल्याला विसर पडला आहे.

ती खेप म्हणजे चौथऱ्यावरचा पुतळा.

तालुक्याच्या कुठल्याही गावाचा मुख्य चौक डोळ्यांपुढे आणा. मधोमध ग्रॅनाइट लावलेला चौथरा, त्यावर ब्राँझचा नाहीतर ब्राँझचा रंग दिलेला फायबरचा पुतळा, भोवती स्टीलचं रेलिंग, कोपऱ्यांवर फ्लडलाइट. एका बाजूला लोखंडी जिना कायमचा जोडलेला, जयंतीला हार घालायला. पुतळा घोड्यावर असला तर जिना पुरत नाही, मग क्रेन मागवतात. चेहरा फोटोशी जुळायला हवा, हाताचं बोट कुठे रोखलंय हे आधी ठरायला हवं, आणि परवानगीची फाइल जिल्हाधिकारी कचेरीत अडकायला हवी. शिल्प म्हटलं की आपल्याला हेच आठवतं. कारखाने, शिक्षणसंस्था, बाजार समित्या यांच्या आवारांतले संस्थापकांचे अर्धपुतळेही याच घडणीचे.

हे सगळं आपल्या मातीतलंच आहे, असं आपण धरून चालतो. पण लढाईत पडलेल्या माणसासाठी आपल्याकडे वीरगळ उभा राहायचा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, शेंड्याला चंद्रसूर्य. त्या माणसाचं नाक कसं होतं, मिशी किती होती, याला तिथं काडीचंही महत्त्व नव्हतं. साधूची समाधी बांधायचे, पादुका पुजायचे. राजांच्या प्रतिमा अगदीच नव्हत्या असंही नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा रांगेनं कोरलेल्या होत्या. आज प्रतिमा झिजून गेल्या आणि वरची नावं तेवढी राहिली आहेत. पण चौरस्त्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या डोक्यांच्या वर, हुबेहूब चेहऱ्याचा माणूस ऊनपावसात उभा करायचा ही रीत मुंबई बंदरात बोटीतून उतरली.

मॅथ्यू नोबलनं घडवलेली व्हिक्टोरिया राणीची संगमरवरी बैठी मूर्ती 1872 साली मुंबईत बसवली गेली. पैसे बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचे. 1879 साली जोसेफ एडगर बोहेम यानं ओतलेला युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा आला. तो सॅसून घराण्यानं दिला. हाच आपला काळा घोडा. राणीच्या मूर्तीवर 1896 साली चापेकरांनी डांबर ओतलं, आणि स्वातंत्र्यानंतर, 1965च्या सुमारास, घोडा राणीच्या बागेत नेऊन ठेवला. राणीची मूर्तीही तिथल्याच भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात गेली. तिथं या दोघांना सोबत आहे ती घारापुरीच्या दगडी हत्तीची. त्या बेटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे पडलं तो हा हत्ती. 1864 साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून तो या बागेत उभा केला. तिकडून इकडे आलेली आणि इकडून तिकडे जाता जाता राहिलेली शिल्पं एकाच कुंपणात बघायला मिळतात, तीही प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी.

राणीला हलवलं, राजपुत्राला हलवलं. चौथरा मात्र आपण ठेवून घेतला. माझ्या म्हणण्याचा खरा धागा इथं सुरू होतो. ही पहिली खेप गावोगाव पोचली ती प्रदर्शनांमुळे नव्हे. नोबल आणि बोहेम यांची कामं बघायला अंबडहून कोण मुंबईला गेलं असेल? ती पोचली हातांमधून. 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, 1865 साली लॉकवूड किपलिंग तिथं शिल्प शिकवायला आला, ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून पोरं शिकू लागली. त्या शाळेतल्या गणपत काशिनाथ म्हात्रे नावाच्या विद्यार्थ्यानं 1896 साली ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. विनायक पांडुरंग करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे, गणपती घडवणाऱ्या घरातले, ते जे. जे.त शिकले, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आले, आणि 1928 साली पुण्यात त्यांचा शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला. त्या स्मारकाची कोनशिला 1921 साली बसवली होती ब्रिटनच्या तेव्हाच्या युवराजानंच. शिवाजी महाराज आपले, शिल्पकार आपला, ओतकाम इथलं. घोडा आणि चौथरा यांची मांडणी मात्र त्या बोटीतून उतरलेली. करमरकरांच्या हातात ती इतकी सकस झाली की तिला परकी म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्यानंतर तिच्या नकलांच्या नकला निघत गेल्या. आज चौकातला पुतळा बघताना कधी घोड्याचे खूर आणि स्वाराची मांड यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही, तेव्हा ती खेप किती हातांतून फिरून आली आहे हे कळतं.

‘मंदिरपथगामिनी’ची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईत अनेक वर्षं काढलेल्या सर जॉर्ज बर्डवूड यांनी तिचा नुसता फोटो पाहून 1898 साली तोंड भरून कौतुक केलं. याच बर्डवूडनी 1910च्या जानेवारीत लंडनच्या सभेत जावामधल्या एका बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. ग्रीक वळणाची मराठी मुलगी त्यांना कळली, ध्यानस्थ बुद्ध कळला नाही. त्यावर लंडनमधल्या तेरा कलावंतांनी आणि टीकाकारांनी ‘टाइम्स’मध्ये निषेधाचं पत्र छापलं आणि त्याच वर्षी इंडिया सोसायटी स्थापन झाली. तिच्या मागे असलेला चित्रकार विल्यम रोथेनस्टाइन हिंदुस्थानात येऊन अजिंठ्याची लेणी बघून गेला. त्याच वर्तुळातले एरिक गिल आणि जेकब एप्स्टाइन तेव्हा तरुण होते. हिंदुस्थानी देवळांवरच्या मूर्तींचे फोटो आणि ब्रिटिश म्युझियममधली कोरीव कामं बघून त्यांनी दगडात थेट कोरायला सुरुवात केली. आधी मातीत करायचं आणि मग कारागिरांकडून संगमरवरात उतरवून घ्यायचं, ही जुनी रीत त्यांनी टाकून दिली. आनंद कुमारस्वामींच्या ‘विश्वकर्मा’ या 1914च्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती गिलनं. म्हणजे आधुनिक ब्रिटिश शिल्पकला ज्याला म्हणतात तिच्या पायात आपल्याकडचे दगड आहेत. तिकडे जाऊन ते दुसऱ्या रूपात परत येणार होते.

ही परत येणारी वस्तू म्हणजे दुसरी खेप. तिनं काय केलं हे थोडक्यात सांगायचं तर, पहिल्या खेपेनं जे जे दिलं होतं ते ते तिनं एकेक करून काढून घेतलं. हेपवर्थ आणि मूर यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला दगडाला आरपार भोक पाडलं, आणि शिल्पातल्या रिकाम्या जागेलाही आकार असतो हे दाखवलं. मूरच्या आडव्या पहुडलेल्या बाईला नाव नव्हतं, चेहरा असून नसल्यासारखा होता. मूरच्या हाताखाली दोन वर्षं काम केलेल्या अँथनी कारोनं 1960च्या दशकात चौथराच काढून टाकला. पोलादी गर्डर, पत्रे, पाइप जोडून, रंग देऊन ते जमिनीवर मांडले. 1962 सालचं त्याचं ‘अर्ली वन मॉर्निंग’ सहाएक मीटर लांब आहे, लालभडक आहे, आणि त्याला समोरची बाजू अशी नाहीच. भोवती फिरावं लागतं. कारो ज्या सेंट मार्टिन्स शाळेत शिकवायचा तिथल्या रिचर्ड लाँग नावाच्या विद्यार्थ्यानं 1967 साली एका माळावर पुन्हापुन्हा जा-ये करून गवतात पायवाट पाडली, तिचा फोटो काढला आणि तेच शिल्प म्हणून पुढे ठेवलं. चेहरा गेला, चौथरा गेला, शेवटी वस्तूही गेली.

ही खेप जगभर हिंडवण्याचं काम ब्रिटिश कौन्सिलनं केलं. 1934 साली स्थापन झालेल्या या संस्थेनं 1938पासून स्वतःचा कलासंग्रह जमवायला सुरुवात केली, आणि त्या संग्रहाला स्वतःची अशी इमारत नाही. तो फिरण्यासाठीच आहे. 1948 साली व्हेनिसच्या बिएनालेत मूरला शिल्पाचं पारितोषिक मिळालं. चार वर्षांनी तिथंच आर्मिटेज, चॅडविक, बटलर, पाओलोझी ही तरुण मंडळी मांडली गेली. युद्धानं खंक झालेल्या, वसाहती एकामागून एक सोडाव्या लागणाऱ्या देशाला जगापुढे मांडायला काहीतरी हवं होतं. जहाजं गेली, गिरण्या गेल्या, शिल्पं होती. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा असलेला मूर या कामाला फार सोयीचा ठरला: मोठा, पोक्त, कुणाला न दुखावणारा. मला त्याची सुरुवातीची दगडी कामं आवडतात. उतारवयातली प्रचंड ब्राँझं मात्र कुठल्याही देशातल्या कुठल्याही बँकेपुढे शोभावीत अशी झाली. फिरत्या प्रदर्शनांचा हा एक परिणामच आहे. सगळीकडे नेता येईल असं करायला गेलं की ते कुठलंच राहत नाही.

मूरचं निधन झालं 1986 साली. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन भरलं. 2010च्या अखेरीस अनिश कपूर आला. मुंबईत जन्मलेला, लंडनमध्ये घडलेला, 1990 साली व्हेनिसला ब्रिटनचं प्रतिनिधित्व केलेला. दिल्लीत संग्रहालयात आणि मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, एकाच वेळी. मुंबईत एक तोफ होती. ठरावीक वेळानं ती लाल मेणाचा गोळा भिंतीच्या कोपऱ्यात डागायची. दणका व्हायचा, मेण भिंतीवरून ओघळायचं, खाली ढीग साचत जायचा. जिथं मेहबूब खानांचे सेट लागले त्या छपराखाली कपूरची तोफ शोभून दिसली असं मी म्हणेन. देवळाबाहेर कुंकू-बुक्क्याचे ढीग असतात, तशा कोरड्या रंगांच्या ढिगाऱ्यांपासून त्याची सुरुवातीची कामं निघाली, हे त्यानंच सांगितलेलं आहे. पंढरपूरच्या किंवा तुळजापूरच्या वाटेवर आयुष्यभर ते ढीग पाहिलेल्या माणसाला त्या कामांपुढे उभं केलं असतं तर काय झालं असतं, हे बघायला मला आवडलं असतं. तशी वेळ आली नाही. खेप मुंबईत उतरली आणि मुंबईतूनच परत गेली.

आता नेहमीचं उत्तर येतं: ग्रामीण माणसाला हे कळणार नाही. याच्याइतकं आळशी विधान दुसरं नाही. आपल्याकडे कितीतरी देवी तांदळ्याच्या रूपात असतात. हात नाहीत, पाय नाहीत, नाकडोळे चांदीचे वरून चिकटवलेले, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचे थर चढून झालेला एक गोल गरगरीत आकार. त्याला माणसं आई म्हणतात. ज्याला ही आई ओळखता येते त्याला हेपवर्थचा गोल, भोक पडलेला दगड पाहून दातखीळ बसेल असं मानायचं काही कारण नाही.

पण हा युक्तिवाद करून मोकळं होणंही मला प्रशस्त वाटत नाही. शहरी कलासमीक्षकांचं हे आवडतं वाक्य आहे, की आमचा शेतकरी जन्मजात आधुनिक आहे. तांदळ्यापुढे उभा असलेला माणूस त्याची गोलाई न्याहाळत नसतो. तो कौल लावत असतो, नवस बोलत असतो, पोरीच्या लग्नाचं गाऱ्हाणं घालत असतो. तिथं डोळा कामाला लागलेला नसतो, भीड आणि भरवसा कामाला लागलेला असतो. संग्रहालयातल्या शिल्पाला तुम्ही काहीच मागू शकत नाही. फक्त बघायचं, तेही दोरीच्या अलीकडून. हे बघणं शिकावं लागतं आणि शिकवावं लागतं. लंडनच्या माणसालाही ते शिकवावंच लागलं. एप्स्टाइनच्या कामांवर तिथल्या वर्तमानपत्रांनी केवढी राळ उडवली होती. म्हणजे अडचण समजुतीची असली तरी ती अंकुशनगरची खास अडचण नाही. फरक एवढाच की लंडनला शंभर वर्षं पुन्हापुन्हा बघायला मिळालं.

मग घोडं अडतं कुठे? वजनापाशी आणि विम्यापाशी. चित्राची सुरळी करता येते, सिनेमाचं रीळ डब्यात जातं, शिल्पाला मात्र पेटी लागते, पेटीला क्रेन लागते, क्रेनला पक्का रस्ता लागतो. मोठ्या संग्रहालयाचं शिल्प निघालं की त्याच्याबरोबर एक माणूस प्रवास करतो. पेटी पोचल्यावर लगेच उघडत नाहीत. हॉलच्या हवेशी जुळवून घ्यायला ती साधारण दिवसभर तशीच ठेवतात. उघडल्यावर प्रत्येक ओरखड्याची नोंद होते, परत जाताना तीच नोंद पुन्हा तपासली जाते. विमा कंपनी विचारते: आग विझवायची सोय काय, पहारा काय, तापमान किती. जालना जिल्ह्यातल्या कुठल्या सभागृहाला हे जमेल? आणि पहाऱ्याचं म्हणाल तर 2022च्या ऑगस्टमध्ये खुद्द जांब समर्थच्या राममंदिरातून पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. पोलिसांनी त्या दोनेक महिन्यांनी शोधून काढल्या. गाव पुजतं त्या मूर्तींची ही गत, तिथं विमा कंपनी मूरची पेटी कशाला धाडेल?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं 2015पासून संग्रहालयाची बस काढली आहे, ती जिल्ह्यांत फिरते, पोरांना वस्तू दाखवते. उत्तम काम आहे. पण बसमधून कारो येणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्यानं यावं अशी मागणीसुद्धा मला चुकीची वाटते. पहिली खेप कशी पोचली ते आठवा. पुतळे नाही पोचले, पुतळे करणारे हात पोचले. दुसऱ्या खेपेच्या बाबतीत तो दुवा तुटला. हात तयार झाले नाहीत असं नाही. मुंबईत आदी दावियरवाला, पिलू पोचखानवाला यांनी धातूचे आणि भंगाराचे तुकडे जोडून शिल्पं केली, तीही अव्वल. पोचखानवाला यांचं ‘स्पार्क’ हाजी अलीच्या चौकात काही वर्षं उभं होतं, मग ते काढलं गेलं. जयंती नसलेल्या शिल्पाला आपल्याकडे वाली नसतो. त्यांच्या हातून ही विद्या जिल्ह्याच्या कारागिरापर्यंत यायला कुठली वाटच नव्हती, कारण जिल्ह्याकडून येणारी ऑर्डर एकाच प्रकारची असते: चेहरा हवा, चौथरा हवा, उद्‌घाटनाची तारीख ठरलेली आहे.

इथं जालन्याचं एक नवल सांगतो. हा जिल्हा पोलादाचा आहे. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि बांधकामाच्या सळ्या होऊन बाहेर पडतं. त्या भंगारात परदेशी मालही असतो, आणि ब्रिटन तर जगातल्या मोठ्या भंगार-निर्यातदारांपैकी एक आहे. कारोनं ज्या जातीचे गर्डर भंगाराच्या यार्डातून उचलून आणले त्यांचे भाऊबंद कंटेनरमधून आपल्याकडे येतच असतात. आपण त्यांना वितळवतो, तो शिल्प म्हणतो. आणि वितळवणं काही कमी प्रतीचं नाही, घरं त्यावर उभी राहतात. सांगायचं ते एवढंच की माल इथं आहे. साखर कारखान्यात पाहा. मुंबईच्या कलादालनाला पाच टन वजन म्हटलं की स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागतो. अंकुशनगरच्या काट्यावर हंगामात रात्रंदिवस उसानं लादलेले ट्रक चढतात-उतरतात. मिल हाउसमध्ये रोलर उचलायची क्रेन असते. गळीत हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग सुरू होतं, अख्खी यंत्रं उघडून जमिनीवर मांडली जातात. झिजलेले रोलर, कापलेले पाइप, बॉयलरच्या नळ्यांचे जुडगे, दातेरी चाकं. वेल्डर आणि फिटर असे की सहा मिलिमीटरच्या पत्र्याला कुठे ताण येतो हे बोटानं सांगतील. लंडनमध्ये गॅरेजात उभं राहून वेल्डिंग शिकलेल्या कारोला यातल्या कुणाचीही शागिर्दी चालली असती.

अशी गाठ पडू शकते याचे दाखले आहेत. 1986 साली दिल्लीच्या त्रैवार्षिकीसाठी ब्रिटनतर्फे आलेला स्टीफन कॉक्स पेट्या घेऊन आला नाही. तो महाबलीपुरमला जाऊन तिथल्या पाथरवटांबरोबर काम करत बसला, आणि पुढेही परत परत येत राहिला. 2003 साली रिचर्ड लाँग डहाणूकडच्या वारली मुलखात आला. गंजाडजवळ राहणारे जिव्या सोमा मशे शेणानं सारवलेल्या कापडावर पांढऱ्या ठिपक्यारेषांनी चितारणारे. लाँग हा माळावर चालून रेषा काढणारा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, रेषा येत होती. महाराष्ट्रात घडलेली ही एवढी मोठी गोष्ट, आणि तिचं प्रदर्शन भरलं ते ड्यूसेलडॉर्फला, पुढे मिलानला. मशेंना 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. लाँगचं नाव मराठी वर्तमानपत्रांत या निमित्तानं किती आलं असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

तिसरा दाखला अँटनी गॉर्मलीचा. तरुणपणी, 1970च्या दशकात, तो हिंदुस्थानात येऊन विपश्यना शिकला; गुरू तेच सत्यनारायण गोएंका, ज्यांनी पुढे इगतपुरीला केंद्र काढलं. शरीर न हलवता आतून जाणवून घेणं हे त्याच्या शिल्पाचं मूळ तिथलं. 2003 साली चीनच्या ग्वांगडाँगमधल्या एका गावात त्यानं तीन-साडेतीनशे गावकऱ्यांना माती दिली आणि तळहातात मावेल अशी बाहुली करायला सांगितली. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, बाकी ज्याची त्याची मर्जी. काही दिवसांत जवळजवळ दोन लाख बाहुल्या झाल्या. त्या भाजल्या, आणि चीनच्या मोठ्या शहरांतून फिरल्या. फिरतं प्रदर्शन गावातून निघून शहराकडे गेलं. गॉर्मलीचं नाव झालं आणि गावकऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच, तो विचारायलाच हवा. तरी उलट दिशेची ही वाट मला पेटीच्या वाटेपेक्षा बरी वाटते.

मात्र हीच वाट पकडून कुणी अंकुशनगरला आलं तर त्याला आधीच एक गोष्ट बजावून ठेवली पाहिजे. हंगामात कारखान्याच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. बांबू वाकवून, चटया आणि प्लॅस्टिक बांधून केलेली कमान. आत वाकून शिरावं लागतं, उठून उभं राहायला एकच जागा असते मधोमध. दहा-वीस कोप्यांची रांग संध्याकाळी चुलींच्या धुरात फार देखणी दिसते. कॅमेरा घेऊन आलेल्या कलावंताला त्यात लगेच शिल्प दिसेल. तो चोचला त्यानं करू नये. कोपीत राहणाऱ्या बाईला त्या कमानीचं सौंदर्य विचारा, ती तुम्हाला पहाटे तीनला सुरू होणाऱ्या दिवसाबद्दल सांगेल. माणसाच्या नाइलाजाला आकाराचं कौतुक चिकटवणं हे बर्डवूडच्या पुडिंगइतकंच उद्धट आहे, फक्त उलट्या बाजूनं.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. ब्रिटिश कौन्सिलनं, ललित कला अकादमीनं किंवा राज्याच्या सांस्कृतिक खात्यानं पुढच्या वेळी पेट्यांच्या खर्चातला काही भाग बाजूला काढावा. एका शिल्पकाराला, तो लंडनचा असो की जे. जे.चा, मे ते सप्टेंबर एखाद्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये बसवावं. ओव्हरहॉलिंगला असलेल्या दोन-चार वेल्डर-फिटरांना त्याच्याबरोबर कामाचा वेगळा मेहनताना द्यावा, आणि झालेल्या कामावर त्यांचीही नावं घालावीत. माल भंगारातला. विमा नको, कारण बिघडलं तर जालन्याची भट्टी जवळच आहे.

यावर येणारे आक्षेपही मला माहीत आहेत. संचालक मंडळ पहिल्याच बैठकीत म्हणेल, एवढा नामांकित कलावंत फुकट मिळतोय तर साहेबांचाच पुतळा का करून घेऊ नये. शिल्पकार म्हणेल, मला चेहरा करायचा नाही. चीफ इंजिनिअर म्हणेल, माझ्या वेल्डरच्या हाती ओव्हरहॉलिंगचं काम आधी. बॉयलर वेळेवर पेटला नाही तर शेतकरी मला सोडणार नाहीत. सभासद म्हणतील, याचा उसाच्या भावाशी काय संबंध. वार्षिक सभेत हे चारही आवाज एकाच वेळी उठतील आणि त्यांतला एकही खोटा नसेल. या भांडणातून जे काही तगून उभं राहील ते निदान इथलं असेल. चौकात कुणाचा पुतळा, कुठे तोंड करून, यावर गावं वर्षानुवर्षं भांडतात. एकदा यावरही भांडून पाहावं, की लोखंडाचा एखादा आकार कुणासारखाच दिसत नसेल तर त्याला गावात जागा द्यायची की नाही.

एक अट मात्र कारखान्याकडून नक्की येईल, आणि ती मान्यच करावी लागेल. काय करायचं ते दसऱ्याच्या आत करून यार्ड मोकळं करून द्या. त्यानंतर गव्हाणीत मोळी पडते आणि उसाच्या गाड्या लागायला ती जागा लागते.